मुखत्यारपत्र हातात आहे, तरी बँक 'नाही' का म्हणते?

या भागाचं रेकॉर्डिंग ऐकायला वेळ नसेल, किंवा बँकेच्या रांगेत उभं राहून पटकन बघायचं असेल, तर त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "आईचं मुखत्यारपत्र माझ्या नावावर आहे, पण बँक ऐकत नाही." "बाबांची एफडी मोडायची आहे, नोटरी केलंय, तरी मॅनेजर नाही म्हणतो." मी वकील नाही, बँकेतही नोकरीला नाही. पण या सगळ्यातून मी स्वतः गेलोय, आणि दोन चुका अशा केल्यात की त्या तुम्ही करू नयेत असं मनापासून वाटतं. म्हणून आजचा भाग.

तात्या, औंध आणि मी

आमचं गाव औंध. सातारा जिल्हा, खटाव तालुका. डोंगरावर यमाई, शेजारी पंतप्रतिनिधींचं म्युझियम, हे तुम्ही सहलीला येऊन पाहिलं असेल. पण आमच्या भागाची अजून एक ओळख आहे. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत. माझे आई-वडील गेली पंचवीस वर्षं कोइमतूरला आहेत. मी पुण्यात. आणि गावातल्या घरात एकटे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. काकू गेल्या, मूलबाळ नाही. पेन्शन आणि दोन एफडी, एवढाच पसारा.

तीन वर्षांपूर्वी पौषातली यात्रा झाली आणि आठवड्याभरात तात्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं बोबडं झालं. डोकं मात्र लख्ख. पेपर वाचायचे, बातम्यांवर चिडायचे, माझा पगार किती वाढला ते विचारायचे.

पण उजवा हात गेला म्हणजे सही गेली. आणि सही गेली की बँकेच्या लेखी माणूस अर्धा नाहीसा होतो.

पहिली चूक: एटीएम कार्ड आणि ओटीपी

पहिले दोन महिने मी तेच केलं जे तुमच्यापैकी बरेच जण करत असाल. तात्यांचं कार्ड माझ्या पाकिटात, पिन माझ्या डोक्यात. फोन तात्यांकडे, आणि ओटीपी आला की ते मला फोनवर वाचून दाखवायचे. मला वाटलं, घरातलाच मामला आहे.

एक दिवस तिसऱ्याच कोणाचा तरी फोन आला. "काका, पेन्शनचं व्हेरिफिकेशन आहे, आलेला नंबर सांगा." तात्यांना ओटीपी वाचून दाखवायची सवय मीच लावली होती. त्यांनी वाचला. साडेनऊ हजार गेले. बँकेत गेलो तर पहिलाच प्रश्न, "ओटीपी कोणी सांगितला?"

रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा आहे की ग्राहकानेच पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला आणि त्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. आणि 'दुसरा' म्हणजे फक्त चोर असं समजू नका. २०१८ मध्ये बंगळूरच्या एका ग्राहक मंचापुढचं प्रकरण गाजलं होतं. बाळंतपणामुळे घरी असलेल्या बाईंनी नवऱ्याला कार्ड आणि पिन देऊन पैसे काढायला पाठवलं. मशीनमधून २५,००० रुपये आले नाहीत, खात्यातून मात्र वजा झाले. निकाल बँकेच्या बाजूने लागला, कारण पिन नवऱ्यालाही द्यायचा नव्हता. त्यांनी चेक किंवा अधिकारपत्र द्यायला हवं होतं.

तेव्हा कार्ड खिशात घालून फिरणं ही सोय वाटते, पण पैसे गेले की तुमच्या बाजूने बोलायला कागद नसतो.

मुखत्यारपत्र म्हणजे नेमकं काय?

शुद्ध मराठीत मुखत्यारपत्र, इंग्रजीत पॉवर ऑफ ॲटर्नी. माझ्या वतीने अमुक कामं अमुक माणूस करेल, असं लिहून देणं. यासाठी १८८२ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि मालक-प्रतिनिधी या नात्याचे बाकीचे नियम १८७२ च्या करार कायद्यात आहेत. सगळ्या कामांसाठी दिलं तर कुलमुखत्यारपत्र, ठरावीक कामासाठी दिलं तर खास मुखत्यारपत्र.

औंधकरांना हे समजावायला सोपं जातं, कारण आमच्या राजांचं पदच 'प्रतिनिधी' होतं. राजाराम महाराज जिंजीला असताना हे पद निर्माण झालं, म्हणजे छत्रपतींच्या वतीने काम बघणारा माणूस. नंतर ते परशुराम त्र्यंबकांच्या घराण्यात आलं आणि तेच घराणं पुढे औंध संस्थानचं राजघराणं झालं. मुखत्यार म्हणजे घरातला पंतप्रतिनिधी म्हणा ना! गादी त्याची नसते. अधिकार दुसऱ्याचा आहे आणि तो आपण वापरतोय, हे कायम डोक्यात ठेवायचं.

यातून दोन गोष्टी निघतात.

एक, सही. मुखत्यार झालात म्हणून तात्यांची सही गिरवायची नाही. ती खोटी सहीच ठरते. आपली स्वतःची सही करायची आणि खाली लिहायचं, अमुक यांच्याकरिता मुखत्यार म्हणून.

दोन, हिशोब. पैसे ज्यांचे आहेत त्यांना हिशोब देणं हे मुखत्यारावर कायद्यानेच बंधन आहे. मी एक वही केली. तारीख, किती काढले, कशासाठी, पावती चिकटवलेली. माझ्या आत्याला सुरुवातीला माझ्यावर शंका होती, ते साहजिकही होतं. दर महिन्याला वहीच्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायला लागलो आणि शंका आपोआप मिटली.

दुसरी चूक: 'सर्व व्यवहार' असं लिहिलेलं नोटरीपत्र

साडेनऊ हजारांचा धडा मिळाल्यावर मी वडूजला गेलो, एका टायपिंगवाल्याकडून तयार नमुना भरून घेतला, औंधला येऊन तात्यांची थरथरत्या डाव्या हाताची सही घेतली, मग नोटरी. कागद घेऊन ब्रँचमध्ये. काउंटरवरच्या मॅडमनी दोन मिनिटं वाचलं आणि परत दिलं.

मला राग आला. "नोटरी आहे की मॅडम!" त्या शांतपणे म्हणाल्या, "बसा, सांगते." तेव्हा ऐकलं ते आज तुम्हाला सांगतोय, कारण बहुतेकांचा कागद याच कारणांनी परत येतो.

पहिलं कारण, मजकूर मोघम. त्यात लिहिलं होतं 'माझे सर्व व्यवहार पाहणे'. कोणत्या बँकेतलं कोणतं खातं, पैसे काढायचे की फक्त भरायचे, एफडी मुदतीआधी मोडायची की नाही, काहीच नाही. मुखत्यारपत्र वाचताना त्यात जे स्पष्ट लिहिलंय तेवढाच अधिकार धरतात, अंदाजाने वाढवत नाहीत. उद्या तात्या किंवा त्यांचे वारस म्हणाले, "एफडी मोडायला सांगितलं नव्हतं," तर बँक अडचणीत.

दुसरं, सही. बँकेकडची तात्यांची सही उजव्या हाताची, शाळेच्या दाखल्यावरच्यासारखी वळणदार. कागदावर डाव्या हाताच्या रेघोट्या. ही सही त्यांचीच, हे बँकेने कशावरून मानायचं?

तिसरं, तात्यांना बँकेतल्या कोणी भेटलंच नव्हतं. त्यांना हे कळतंय का, त्यांच्या मनात आहे का, की पुतण्याने सही घेतली?

खरं सांगतो, तिसऱ्या प्रश्नाने मी वरमलो. मॅडम माझी अडवणूक करत नव्हत्या, तात्यांचे पैसे राखत होत्या. म्हातारी माणसं फसवली जातात ती बऱ्याचदा घरातल्याच माणसाकडून, हे त्यांनी काउंटरवर बसून पाहिलेलं असतं.

मग कागद कसा करायचा?

आम्ही परत केला तेव्हाचा क्रम देतो.

सगळ्यात आधी बँकेत जा, वकिलाकडे नंतर. बऱ्याच बँकांचा मुखत्यारपत्राचा स्वतःचा नमुना असतो. तो मागून घ्या, नाहीतर आपला मसुदा आधी दाखवा. काही ठिकाणी तो वरच्या ऑफिसच्या कायदा विभागाकडे जातो, त्याला दिवस लागतात. सही-शिक्का झाल्यावर चुका कळण्यापेक्षा हे बरं.

मजकुरात खाते क्रमांक, एफडीचे क्रमांक, आणि प्रत्येक काम वेगळं लिहा: पैसे काढणं, चेकवर सही, चेकबुक आणि पासबुक घेणं, एफडी करणं, नूतनीकरण करणं, मुदतीआधी मोडणं, रक्कम कोणत्या खात्यात जमा व्हावी. लॉकर असेल तर लॉकरचा वेगळा उल्लेख. जे द्यायचं नाही तेही लिहा. आमच्यात तात्यांनी स्वतः सांगून घातलं, कर्ज काढायचा अधिकार नाही. शिक्षक माणूस!

नोटरी की नोंदणी? बँकेच्या कामाला अनेकदा नोटरी चालतं, पण काही बँका नोंदणीकृतच मागतात, आणि रक्कम मोठी असेल तर नोंदणी केलेली बरी. जमीन-घराचा व्यवहार त्यात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुद्रांक शुल्क कशाचा अधिकार देताय त्यावर बदलतं, ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. आणि ही गोष्ट फार जणांना माहीत नाही: आजारी माणसाला ऑफिसपर्यंत उचलून न्यावं लागत नाही. अर्ज आणि फी भरली की नोंदणीसाठी अधिकारी घरी येऊ शकतात. आमच्याकडे आले. ओसरीवर तात्यांना खुर्चीत बसवलं. साहेबांनी विचारलं, "हे कशासाठी करताय?" तात्या बोबड्या आवाजात म्हणाले, "हात गेलाय. डोस्कं न्हाय गेलं."

सोबत डॉक्टरांचा दाखला घेतला, की माणूस आजारी आहे पण त्याला सगळं समजतंय. एक साक्षीदार डॉक्टरच असेल तर उत्तम.

मग बँकेत मूळ कागद दाखवून प्रत द्या, तुमचं आधार, पॅन, फोटो, सहीचा नमुना द्या. बँकेने खात्यावर मुखत्यार नोंदवला याची पोच घ्या. मूळ कागद बँकेत ठेवून येऊ नका.

जे मुखत्याराला करता येत नाही

हयातीचा दाखला. माणूस जिवंत आहे हे मुखत्याराने सांगून चालत नाही, ते पेन्शनरनेच द्यायचं. पण त्यासाठी नोव्हेंबरात रांगेत उभं राहायची गरज नाही. जीवन प्रमाण २०१४ पासून आहे, आता फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवूनही होतं. तुम्ही घरी आलात की पाच मिनिटांचं काम.

मृत्युपत्र. ते दुसऱ्याच्या वतीने करताच येत नाही. नॉमिनीसुद्धा बँका खातेदाराच्याच सहीने बदलतात. स्वतःच्या नावावर पैसे वळवणं, तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाहीच. तुम्हाला वेळ नाही म्हणून तुमच्या मित्राला पाठवणं, नाही. आणि मुखत्यार म्हणून नोंद झाली म्हणजे त्यांच्या ॲपचा पासवर्ड वापरायची परवानगी मिळाली, असंही नाही.

बँक तात्यांसाठी काय करू शकते

मला आधी माहीत असतं तर ते दोन महिने तसे गेले नसते. रिझर्व्ह बँकेच्या जुन्या सूचना आहेत. आजारपणामुळे सही करता येत नसेल तर हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. तोही शक्य नसेल तर नुसती खूण चालते. दोन त्रयस्थ साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पैसे कोण घेऊन जाईल ते खातेदाराने दाखवायचं, त्या माणसाची ओळखही साक्षीदारांनी पटवायची.

शिवाय २०१७ पासून, सत्तरी ओलांडलेले, दिव्यांग किंवा आजाराने अंथरुणाला खिळलेले खातेदार असतील तर घरपोच सेवा द्यायचं बँकांना सांगितलेलं आहे. पैसे आणून देणं, चेक घेऊन जाणं, केवायसीची कागदपत्रं आणि हयातीचा दाखला घरी घेणं. ब्रँचमध्ये लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी विचारलं की तोंडीच 'माणसं कमी आहेत' असं उत्तर मिळतं.

आणि मग कराड

नवीन मुखत्यारपत्रावर दहा महिने सगळं सुरळीत चाललं. मला वाटलं, आता काळजी नाही.

मग एका पहाटे शेजारच्या काकांचा फोन आला. दुसरा झटका. कराडच्या दवाखान्यात आयसीयू. मी पुण्याहून पोचलो तेव्हा तात्या बेशुद्ध होते. दवाखान्याने दोन लाख भरायला सांगितले. माझ्या खात्यात चाळीस हजार. तात्यांची एफडी तीन लाखांची, आणि माझ्या बॅगेत नोंदणीकृत मुखत्यारपत्र, ज्यात 'मुदतीआधी मोडणे' असं ठळक लिहिलेलं. मी थेट ब्रँचमध्ये.

त्याच मॅडम. फॉर्म काढून दिला आणि सहज विचारलं, "तात्या कसे आहेत आता?"

मंडळी, त्या क्षणी मला माहीत नव्हतं की हा प्रश्न केवढा मोठा आहे. पण त्यांचा चेहरा बघून काहीतरी जाणवलं. "बरे आहेत" म्हणालो असतो तर फॉर्म पुढे गेला असता. मी खरं सांगितलं. "बेशुद्ध आहेत मॅडम. कराडला."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

करार कायद्याचं कलम २०१. मालक वारला किंवा त्याची समज गेली की प्रतिनिधीचा अधिकार संपतो. ज्याने अधिकार दिला तो स्वतःच आता निर्णय घेऊ शकत नाही, तर त्याच्या वतीने घेणार कोण? परदेशात काही ठिकाणी 'समज गेली तरी चालू राहील' असं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तशी तरतूद नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण कागद करून ठेवतो असं समजतो, नेमका त्याच दिवशी तो हातातून जातो.

मी म्हणालो, "मी बरे आहेत म्हणालो असतो तर?" त्या म्हणाल्या, "तर मी दिले असते. आणि उद्या कोणी विचारलं असतं तर तुम्ही अडकला असता." कायदाही तेच म्हणतो. मालक गेला किंवा समज गेली हे माहीत नसताना मुखत्याराने चांगल्या हेतूने पैसे दिले-घेतले तर त्याला संरक्षण आहे. माहीत असून केलं तर नाही.

पैसे शेवटी गलाईवाल्यांनी दिले. वडिलांनी कोइमतूरहून फोन फिरवले, मदुराई, विजयवाडा, कुठून कुठून भावकीतल्या लोकांनी पाच-दहा हजार करत संध्याकाळपर्यंत रक्कम जमवली. तीन लाखांची एफडी असलेल्या माणसासाठी उसनवारी! नवव्या दिवशी तात्या शुद्धीवर आले. सगळ्यांचं असं होत नाही, हे मला कळतं.

शुद्ध आलीच नसती तर?

तर रस्ता कोर्टाचा. बेशुद्ध किंवा समज पूर्ण गेलेल्या माणसाच्या पैशांसाठी पालक नेमायला आपल्याकडे सरळ एक कायदा नाही, म्हणून उच्च न्यायालय राज्यघटनेच्या कलम २२६ खाली असा पालक नेमतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यासाठी सूचना घालून दिल्या, मुंबई उच्च न्यायालयानेही अशा प्रकरणांत पालक नेमलेले आहेत. सातारा-सांगलीकरांसाठी एक बरं झालं, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, मुंबईला खेपा घालायला नकोत. पण वेळ आणि वकील लागतोच. दवाखान्याचं बिल तेवढं थांबत नाही.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी मात्र १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्यातली समिती पालक नेमू शकते. म्हातारपणच्या विसराळूपणाला तो कायदा लागत नाही.

तात्या घरी आल्यावर आम्ही काय केलं

बेशुद्धीनंतर जुनं मुखत्यारपत्र वापरलं नाही. डॉक्टरांचा दाखला घेऊन नवीन केलं. पण या वेळी सगळं वजन त्या एका कागदावर ठेवलं नाही.

बचत खातं जोडनावाने केलं, तात्या आणि माझे वडील, 'ई ऑर एस' म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो. यात वडील स्वतः खातेदार आहेत, त्यामुळे तात्यांची शुद्ध गेली तरी त्यांचा अधिकार जात नाही. विश्वासाचा माणूस असेल तरच हे करा, कारण तो उद्या सगळे पैसे काढू शकतो.

एफडीची गंमत वेगळी आहे. 'ई ऑर एस' असली तरी दोघं हयात असताना मुदतीआधी मोडायला साधारण दोघांच्याही सह्या लागतात. म्हणून तीन लाखांची एक पावती मोडून पन्नास-पन्नास हजारांच्या सहा केल्या, दर दोन महिन्यांनी एकेक संपेल अशा, आणि संपली की रक्कम आपोआप बचत खात्यात. आता मोडायची वेळच सहसा येत नाही.

सगळीकडे नॉमिनी तपासले. एका पावतीवर अजून काकूंचं नाव होतं! नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. लक्षात ठेवा, नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक तेवढ्याने होत नाही, वारसांचा हक्क राहतो. आणि माणूस गेल्यावर मुखत्यारपत्र संपलं, एटीएम कार्डही संपलं. अंत्यविधीसाठी म्हणून कार्डाने पैसे काढणं हे घरोघरी होतं, पण करू नका. नॉमिनीने मृत्यूचा दाखला घेऊन दावा करायचा.

आणि शेवटचं, सही. मॅडमच म्हणाल्या, "सहीचा नमुना बदलता येतो की." तात्यांनी पहिलीच्या पोरांची दुरेघी वही मागवली. दोन महिने रोज डाव्या हाताने एक पान. मग मी त्यांना रिक्षातून ब्रँचमध्ये नेलं आणि त्यांनी मॅनेजरसमोर नवीन सही केली.

तुमचे प्रश्न

"मावशी दुबईत आहे, तिने मला मुखत्यारपत्र पाठवलंय." तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं हवं. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरा. तिच्या एनआरई खात्यातून तुम्ही इथले खर्च भागवू शकता आणि तिला स्वतःला पैसे पाठवू शकता. तिच्या वतीने इथल्या कोणाला भेट म्हणून पैसे देता येत नाहीत, नवीन एनआरई खातं उघडताही येत नाही.

"बँक काहीच लेखी देत नाही." तुम्ही लेखी द्या. अर्जावर पोच घ्या, तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. पतसंस्था असेल तर तिथे हा लोकपाल चालत नाही, तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जा.

"आईला मुखत्यारपत्र रद्द करायचंय." ती केव्हाही करू शकते. रद्द केल्याचं लेखी बँकेला त्याच दिवशी द्या. बँकेला कळेपर्यंत जुना मुखत्यार पैसे काढू शकतो.

जाता जाता

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे भवानराव, यांनी १९३९ मध्ये स्वतःहून संस्थानची राज्यघटना करून ७२ गावांचा कारभार लोकांच्या हाती दिला. शाळेत हे आम्हाला तात्यांनीच शिकवलं होतं. परवा या भागाबद्दल त्यांना सांगत होतो, तर म्हणाले, "राजानं हातपाय चालू असताना लिहून दिलं. कुणाला काय द्यायचं, किती द्यायचं, समदं कागदावर. आपण मातर खाटंवर पडल्याव कागद हुडकतो."

तर या रविवारी घरी फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारा. खातं एकट्याच्या नावावर आहे का? नॉमिनी कोण आहे, आणि तो हयात आहे का? एफडी किती, कुठे, कधी संपते? विषय काढायला अवघड जातो, मला माहीत आहे. "माझ्या पैशावर डोळा आहे का?" असंही ऐकायला मिळेल. ऐकून घ्या, आणि पुढच्या रविवारी परत विचारा.

तात्या बरे आहेत. काल पेन्शन काढायला स्वतः गेले होते. मी फक्त रिक्षा सांगितली.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.